बबनच्या गळ्यातलं डफडं

"पांढुर्णा? तिथं कुठला आलाय जॅझ!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मला ते कळतं. बोलणारा नागपूरचा असतो नाहीतर त्याच्याही पलीकडचा, आणि आपण फार गमतीचं बोललो असं त्याला वाटत असतं. पांढुर्ण्यात संत्री पिकतात हे त्याला पटतं. सौंसरला कापूस होतो, जामसांवलीचा मारुती नवसाला पावतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं गोटमारीत दगड चालतात, हे सगळं त्याला माहीत असतं. पण तिथल्या माणसाच्या हातात सॅक्सोफोन असेल आणि तो त्याला वाजवताही येत असेल, हे काही केल्या त्याच्या घशाखाली उतरत नाही.

या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तोच सूर लावला. "मास्तर, छोट्या गावातला मोठा बँड, असं जरा खुसखुशीत लिहा." मी म्हटलं, दिवाळीत खुसखुशीत हवं असेल तर चकल्या मागवा. माझ्याकडून लिहून घ्यायचं असेल तर रागासकट घ्यावं लागेल. ते बिचारे हो म्हणाले. तेव्हा वाचकहो, तुम्हीही तयारीनं बसा.

मी सौंसरचा. तिथल्या एका बँड पार्टीत चौतीस वर्षं सॅक्सोफोन वाजवला, त्यातली अठ्ठावीस वर्षं मास्तर म्हणून. लग्नाच्या बँडमध्ये मास्तर म्हणजे काय, हे वरातीत नाचणाऱ्यांना कधी कळत नाही. त्यांना वाटतं, पुढं चालणारा आणि टोपीवर तुरा असलेला तो मास्तर. खरं काम हाताचं असतं. माझा हात वर गेला की सगळ्यांनी वाजवायचं, मूठ वळली की सगळ्यांनी थांबायचं. मागं ट्रक हॉर्न देतोय, पुढं घोडी बिथरलीय आणि मध्ये नवरदेवाचा मामा लोळण घेतोय, अशा वेळी "का?" विचारायला कुणाला सवड नसते. म्हणून आमच्याकडं "का" नाहीच. हात वर गेला, काठी पडली. नवा माणूस आला की मी त्याला हेच पहिलं शिकवायचो, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

बबन माझ्याकडं वीस वर्षांचा असताना आला. साइड ड्रम वाजवायचा, म्हणजे कमरेशी तिरपा टांगलेला छोटा ड्रम, दोन काठ्यांचा. दिवसा तो बोरगावच्या कारखान्यात रोजंदारीवर असे, लग्नसराईत पाळी बदलून आमच्याकडं येई. वाजवताना बबन माझ्याकडं पाहायचा नाही. नाचणाऱ्यांच्या पायांकडं पाहायचा. तिसऱ्या रांगेतली एखादी जाडशी आत्या थकून पाय ओढायला लागली, की बबन तिच्यासाठी ताल केसभर सैल सोडी. ती सावरली की परत ओढून घेई. बाईला वाटे, आपल्यात अजून दम आहे. दम बबनचा असे.

तिगावच्या एका लग्नात, मे महिन्यातल्या भर दुपारी, आमच्या दोन्ही ट्रम्पेटवाल्यांचे ओठ फाटले. हे हसण्यावारी नेऊ नका. त्या उन्हात पितळेचं तोंड ओठाला लावणं म्हणजे तव्याचा मुका घेणं आहे. गाणाऱ्याला उन्हाच्या उलट्या सुरू झाल्या. मी मूठ वळवणार, तेवढ्यात नवरदेवाचे मित्र ओरडले, "मास्तर, थांबाचं नाई हां! आता कुठं मजा येऊन राहिली!"

मग उरलो मी आणि बबन. माझ्यातही गाणं वाजवण्याचा जीव नव्हता. मी चार सुरांचा एक तुकडा धरला आणि तोच फिरवत राहिलो. बबन त्याच्याखाली चालत राहिला. पाऊण तास आम्ही तेवढंच वाजवलं आणि एकही माणूस रांगेबाहेर गेला नाही.

मांडवाच्या दाराशी पोचल्यावर एक पोरगेलासा दिसणारा माणूस घामाघूम होऊन माझ्यापाशी आला. हा प्रवीण. तिगावच्या संत्र्याच्या बागाइतदारांचा मुलगा, वय बत्तीस, नवरदेवाचा चुलतभाऊ. पुण्यात कंप्युटरची नोकरी सोडून बाग सांभाळायला परत आलेला.

"मास्तर, तुम्ही आत्ता जे वाजवून राहिले होते ना, त्याले ग्रूव्ह म्हणतात. जॅझमध्ये लोकं जिंदगी घालवतात याच्यासाठी."

"आमच्यात त्याले वऱ्हाडी थकवणं म्हणतात," मी म्हटलं.

पण तो काही सोडेना. त्याच्याकडं बास गिटार होतं, पुण्यात तो कुणाकुणाबरोबर वाजवत असे. त्यानं मला मोबाइलवर बाहेरदेशीच्या लोकांचं वाजवणं ऐकवलं. ऐकून मला पहिल्यांदा राग आला तो स्वतःचाच. यातलं अर्धं आम्ही रस्त्यावर, धुळीत, गटाराच्या कडेनं रोज करत होतो आणि कुणी आम्हाला त्याचं नाव सांगितलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्रूव्ह म्हणजे एकच चाल फिरवत राहायची. पण ती अशी, की ऐकणाऱ्याचा पाय त्याला न विचारता हलला पाहिजे. त्यात बास आणि ड्रम यांचं लग्न लागलेलं असतं. सॅक्सोफोन वरून कितीही कोलांट्या मारो, खाली ते दोघं एकमेकांना धरून असले पाहिजेत. ते सुटले की वरचा नुसता गोंगाट. म्हणजे बँड कुणाचा? नाव मास्तरचं, फोटो मास्तरचा, पण बँड बबनचा. हे मला कळत होतं. कळत होतं हे पुन्हा लिहून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात मला न कळण्याची सवलत मिळू नये.

आम्ही चौघं जमलो. मी, बबन, प्रवीण आणि शारदा मॅडम. या मॅडम पांढुर्ण्याच्या एका शाळेत संगीत शिकवतात. सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला तीच ती दोन गाणी बसवून त्या इतक्या वैतागल्या होत्या, की प्रवीणनं कीबोर्डचं विचारताच म्हणाल्या, "फक्त स्वागतगीत नका वाजवायला लावू, बाकी मी कायबी वाजवते."

तालीम प्रवीणच्या गोदामात, संत्र्याच्या पेट्यांमध्ये. पहिल्या दिवशी मोठी फजिती झाली. बबनला एका जागी उभं राहून वाजवताच येईना. आयुष्यभर चालत वाजवलेलं. ताल धरला की पाय निघालेच. दोन-तीन मिनिटांत तो शारदा मॅडमच्या कीबोर्डपाशी जाऊन धडके, आणखी थोड्या वेळानं दाराबाहेर. प्रवीण ओरडे, "बबनभाऊ, कुठं चालले?" बबन दचकून मागं येई. खोटं कशाला सांगू, मीही चार पावलं सरकलेलो असे. शेवटी आम्ही दोघांच्या पुढं संत्र्याच्या भरलेल्या पेट्या लावल्या. पायाला पेटी लागली की थांबायचं.

प्रवीणनं हौसेनं बसून वाजवायचा मोठा ड्रमसेट आणला. बबन त्यावर न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखा बसला, दोन ठोके दिले आणि उठला. "बसून कायले वाजवू? बसून तं मानूस जेवते." मग त्याचा साइड ड्रमच ठेवला, शेजारी एक झांज उभी केली, आणि तेच आमचं सगळ्यात मोठं नशीब ठरलं. तो कोरडा, कडक आवाज दुसऱ्या कुणाकडं नव्हता.

पहिला कार्यक्रम सौंसरला झाला, भीमजयंतीला, विहारासमोरच्या मैदानात. मी आणि बबन, आम्ही दोघंही बौद्ध घरातले, त्यामुळं तो मान घरचाच होता. लोक आधी गप्प बसले. आमच्याकडं गाणारं कोणी नाही, म्हणजे हे अजून सूरच जुळवताहेत असं त्यांना वाटलं. तिसऱ्या चालीला खुर्च्या सरकवून मागचे लोक नाचायला उठले, पाचवीला पुढचे. पण माझं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. पहिल्या रांगेत बबनचे वडील बसले होते. देवाजी बाबा, ऐंशीच्या घरातले, पांढरा सदरा, काठी दोन गुडघ्यांमध्ये. मुलगा पंचवीस वर्षं वाजवत होता आणि बाप त्या दिवशी पहिल्यांदा ऐकायला आला होता.

का, ते सांगायला हवं. नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

देवाजी बाबांच्या गावात आमच्या लोकांकडं डफडं होतं. एका बाजूनं चामडं ताणलेलं, गळ्यात अडकवून दोन काड्यांनी वाजवायचं. ते हौसेचं नव्हतं. पोळा असो, पाटलाकडचं लग्न असो की मयत, निरोप आला की डफडं गळ्यात अडकवून जायचं, सगळ्यांच्या पुढं चालायचं आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी, लांब बसायचं. दीक्षा घेतल्यावर गावोगाव आमच्या लोकांनी हे सोडलं. कुठं लगेच सुटलं, कुठं सुटायला वर्षं लागली. देवाजी बाबांच्या गावात ते सुटलं तेव्हा बाबा ऐन विशीत होते. पाटलाची आई वारली, निरोप आला. बाबा पुढं होऊन म्हणाले, मेलेल्या माणसाशी आमचं वैर नाही, खांदा द्यायला येतो, वाजवायला येणार नाही. त्या रात्रीच सगळी डफडी कन्हान नदीच्या पात्रात सोडली. त्या हंगामात त्यांना गावात कुणी कापूस वेचायलाही बोलावलं नाही. घरची माणसं रोज पायी सौंसरला येऊन रस्त्याच्या कामावर गिट्टी, म्हणजे खडी, फोडत. बाबा हे कधी फुशारकीनं सांगत नसत, पण सौंसरमध्ये आमच्या प्रत्येक घराला ते माहीत आहे. मला तर माझ्या आईनं सांगितलेलं. गिट्टी फोडणाऱ्यांमध्ये ती होती.

तर अशा घरातल्या पोरानं बँडमध्ये ड्रम घेतला. "आपल्या घरात चामडं वाजनार नाई," बाबा म्हणाले. बबन म्हणाला, "बाबा, हे प्लास्टिकचं हाये." खरंच होतं ते, साइड ड्रमला आता प्लास्टिकच असतं. बाबा त्याच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. मग बोलू लागले, पण वरातीत लेकाला पाहायला कधी आले नाहीत. त्या जयंतीला आले, कारण शेजारच्या कुणीतरी त्यांना सांगितलं की हे खुर्चीवर बसून ऐकण्यासारखं आहे, पुढं चालत वाजवण्यासारखं नाही. कार्यक्रम संपल्यावर बाबा मंचापाशी आले, बबनच्या ड्रमवर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, "प्लास्टिकच हाये." बबन इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बापलेकांमधली पंचवीस वर्षांची अढी त्या टिचकीनं सुटली, असं मला त्या दिवशी वाटलं.

त्यानंतर वर्षभरात आम्ही पाच-सात ठिकाणी वाजवलं. मग नागपूरची एक संस्था आली. नाव घेत नाही. घेतलं तर उगाच त्यांची जाहिरात. त्यांचे संयोजक मोठ्या गाडीतून तिगावला तालीम पाहायला आले. खादीचा झब्बा, गळ्यात मणी, आवाज मऊ. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "अप्रतिम! फक्त तो ड्रम... ते जरा बँडबाजासारखं वाटतं हो. काहीतरी मातीतलं हवं."

मातीतलं! चौतीस वर्षं वरातींपुढं चालून माझ्या फुप्फुसात जेवढी धूळ गेली, तेवढी या गृहस्थाच्या सात पिढ्यांच्या चपलांना लागली नसेल. आणि हा आम्हाला माती शिकवणार! बँडबाजा हलका आणि माती भारी, हे कुणी ठरवलं? बबननं पोटासाठी घेतलेला ड्रम यांना बाजारू वाटतो, आणि ज्या वाद्याखाली त्याचा आजा वाकला ते यांना सुंदर वाटतं. मातीचं कौतुक बहुतेक त्यालाच असतं, ज्याला तिच्यात कुणी कधी बसवलेलं नसतं.

हे सगळं मी आत्ता लिहितोय. तेव्हा मी हसून मान डोलावली.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. नागपूरच्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम. मध्ये दहा मिनिटं बबनचं डफडं, धोतर आणि मुंडासं घालून. "तुमच्याकडं परंपराच आहे ना ती?" मी "हो" म्हणालो. परंपरा आहे का याला हो, आणि वाजवेल का यालाही हो. बबनला न विचारता. चौतीस वर्षं मी लोकांकडं पाठ करून वाजवलं होतं. अंधारात गप्प बसून, फक्त ऐकायला आलेली माणसं मला एकदा समोर हवी होती. तेवढ्या हव्यासापायी मी दुसऱ्याच्या घरातली वस्तू परस्पर देऊन टाकली.

कार्यक्रमाला आठ दिवस होते. आठ दिवस मी बबनला सांगितलं नाही. आज त्याची रात्रपाळी आहे, आज प्रवीण समोर आहे, आज तो खुशीत आहे. प्रवीणला मात्र सांगितलं. तो म्हणाला, "डफड्याचा आवाज तं खतरनाक असते काका, काय प्रॉब्लेम आहे?" त्याला दोष देत नाही. त्याच्या घरी डफडं दारापुढं वाजलेलं, गळ्यात पडलेलं नाही. शारदा मॅडमनं तेवढं विचारलं, "बबनभाऊंना चालते का पण?" मी म्हटलं, "मी पाहून घेतो."

नागपूरला कपडे बदलायच्या खोलीत एका खुर्चीवर धोतर, लाल मुंडासं आणि डफडं मांडून ठेवलेलं होतं. बबन नवी पँट आणि पांढरा शर्ट घालून आला होता, बायकोनं कडक इस्त्री केलेला. तो खुर्चीपुढं उभा राहिला.

"मास्तर, हे कोनासाठी हाये?"

"दहा मिनिटाचं काम आहे, बबन."

तो डफड्याकडंच पाहत राहिला. मग मी बोलू नये ते वाक्य बोललो. "नागपूरची लोकं आहेत. इथं तुले कोन ओळखते?"

"मी ओळखतो ना मले," बबन म्हणाला.

त्या वेळी मला शहाणपण सुचायला हवं होतं. सुचलं काय, तर "धोतर राहू दे, नुसतं डफडं घे." म्हणजे मी त्याच्यावर उपकारच केले! संयोजक आत डोकावून म्हणाले, चला, लोक आलेत. बबननं आपला ड्रम उचलला आणि निघाला. मला वाटलं, निभावलं.

पहिल्या दोन चाली झाल्या. बबन त्या दिवशी असा वाजवत होता, की अंधारातल्या खुर्च्यांमधून पायांचा आवाज येत होता. मग संयोजकांनी स्वतः मंचावर येऊन ते डफडं बबनच्या गळ्यात अडकवलं. हार घालावा तसं. बबनचे हात खालीच होते. तो माझ्याकडं पाहत होता. पंचवीस वर्षांत वाजवताना माझ्याकडं कधी न पाहणारा माणूस माझ्याकडं पाहत होता. आणि सभागृह गप्प होतं. हीच ती शांतता, जिच्यासाठी मी इथवर आलो होतो.

मी हात वर केला.

काडी पडली. पडणारच होती, ती तशी पडावी म्हणूनच मी तिला पंचवीस वर्षं शिकवलं होतं. बबननं दहा मिनिटं वाजवलं. मध्येच त्याचे पाय चालू लागले, तो मंचाच्या कडेपर्यंत आला, लोकांना वाटलं की हा त्याचा भाग आहे, आणि टाळ्या पडल्या. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं. संयोजक माईकवर म्हणाले, "यांनी हे वाद्य आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलंय. पण रक्तातच आहे ना यांच्या!"

रक्तात! बोरगावच्या कारखान्यातून आठ तास उभं राहून आलेला माणूस रोज संध्याकाळी घरी उशीवर काठ्या आपटून सराव करतो. पंचवीस उन्हाळे दुसऱ्यांच्या लग्नात पाय भाजून घेतो. तेव्हा कुठं हातात हे येतं. यांनी एका शब्दात ती मेहनत पुसली आणि तिच्या जागी जात लिहिली. आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी काय केलं? मी कमरेत वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं परत निघालो. बबन पुढं, ड्रायव्हरशेजारी बसला. बोरगावच्या फाट्यावर तो म्हणाला, "थांबव." उतरला, शारदा मॅडमना नमस्कार केला आणि कारखान्याच्या दिशेनं चालू लागला. प्रवीणनं हाक मारली, "बबनभाऊ, ड्रम राहिला!" त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

त्या दहा मिनिटांचं चित्रण सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. आणखी तीन ठिकाणांहून बोलावणी आली, तिन्हींना डफडं हवं होतं. या वेळी मी नाही म्हणालो, चांगला तोंडाला येईल ते बोललो, एकाला तर फोनवर शिव्या दिल्या. वरातीमागून घोडं, दुसरं काय! प्रवीणला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही तेव्हा काऊन नाही सांगितलं, काका?" शारदा मॅडमनी कीबोर्ड परत नेला.

आठवडाभर मी बबनच्या घरी गेलो नाही. मग ड्रम घेऊन गेलो. बबन कामावर होता. देवाजी बाबा ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत बसले होते. त्यांनी सुनेला चहा सांगितला. ते ओरडतील, काठी उगारतील, अशा तयारीनं मी गेलो होतो. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"पायलं म्या," बाबा डाळीतून मान वर न करता म्हणाले. "शेजारच्या पोट्यानं मोबाइलात दाखवलं. बरं वाजवते बबन."

"बाबा, चूक झाली माझी."

"तुमाले ठाऊक होतं ना, मास्तर? आमचं सारं?"

"हाव."

"तुमची माय गिट्टी फोडाले होती आमच्यासंगं."

"हाव, बाबा."

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "जे लोकं टाळ्या पिटून राहिले होते, त्याइले काय ठाऊक? त्याइच्यावर माया राग नाई. बबनवरबी नाई." मग पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "आमाले तवा पाटलानं सांगतलं होतं वाजवाले. पाटलाले नाई म्हनता येते, मास्तर. उपाशी राहिलो, पन म्हनलं. तुमी तं आपले. आपल्या मानसाले नाई कसं म्हनाव, थे म्या पोराले कधी शिकवलंच नाई."

सून चहा घेऊन आली. मी तो प्यालो, कारण न पिण्याचंही तोंड नव्हतं. ड्रम तिथंच ठेवून आलो. तो आता त्यांच्या माळ्यावर आहे असं ऐकतो.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. प्रवीणनं नागपूरचा एक ड्रमवाला घेऊन पुन्हा जमवाजमव केली आहे. मी त्यात नाही, बँड पार्टीतूनही उतरलो. बबन बाजारात दिसतो, "जय भीम, मास्तर" म्हणतो, आदरानं म्हणतो, आणि निघून जातो. वरातीत नाही, जयंतीला नाही, घरी उशीवरसुद्धा तो आता वाजवत नाही. त्याच्या बापानं वाजवणं सोडलं ते स्वतः ठरवून, गावाच्या तोंडावर सांगून. बबनचं मी सोडवलं.